स्टील ग्रास म्हणजे बलगाची पाती: गणपतीच्या आराशीत, फुलदाणीत आणि मोगऱ्यात कशी वापरायची

ऑस्ट्रेलियातल्या पर्थला आल्यावर पहिल्या आठवड्यात टेकड्यांकडे फिरायला गेलो होतो, तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळे जाडजूड खांब आणि प्रत्येक खांबावर हिरव्यागार पातींचा कारंजासारखा झुपका, असं काहीतरी दिसलं आणि मी गाडी थांबवायला लावली. हा बलगा. इथल्या मूळनिवासी नूंगार लोकांचा शब्द आहे बलगा, पर्थमधल्या एका उपनगराचं नावसुद्धा त्यावरूनच पडलंय. इंग्रजीत सगळे ग्रास ट्री म्हणतात. जुन्या गोऱ्या लोकांनी ठेवलेलं एक वंशद्वेषी नाव पण होतं, ते कधीकधी म्हाताऱ्या शेजाऱ्यांकडून अजून ऐकू येतं, ते आपण वापरू नये, बलगा म्हणावं.

तर ह्या झाडाची पाती फुलांच्या दुकानात स्टील ग्रास नावाने मिळते आणि गेली काही वर्षं मी ती घरच्या गणपतीला, हळदीकुंकवाला, मैत्रिणींच्या डोहाळजेवणाला वगैरे वापरतेय. प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच की हे काय आहे, कुठे मिळतं, कसं वाकवलंस, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

आधी झाड समजून घ्या

घाई असेल तर हा भाग सोडून पुढे जाल, पण नका सोडू, कारण पाती कशी कापायची आणि किती कापायची हे सगळं झाड कसं वाढतं त्यावर आहे.

नाव ग्रास ट्री असलं तरी हे गवत नाही, आणि आंब्या-फणसासारखं लाकूड असलेलं झाडही नाही. शास्त्रीय नाव झँथोरिया, तीसेक जाती आहेत आणि सगळ्या फक्त ऑस्ट्रेलियात. पर्थच्या बाजूला दिसते ती झँथोरिया प्रिसी, व्हिक्टोरिया-टास्मानियाकडे झँथोरिया ऑस्ट्रेलिस, क्वीन्सलंडकडे जॉन्सनाय. कूळ मात्र आपल्या कोरफडीचं. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कुठेतरी ओळखीचा धागा सापडल्यासारखं.

जे खोड दिसतं ते म्हणजे जुन्या पानांचे बुडखे, एकावर एक रचलेले आणि झाडाच्याच डिंकाने घट्ट चिकटलेले. वाढ किती, तर वर्षाला साधारण १ ते २ सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या-माझ्या उंचीचं खोड दिसलं की ते शंभरीच्या आसपासचं किंवा त्याच्याही पुढचं धरा. डिंक इतका चिवट की आदिवासी लोक त्याने भाल्याची टोकं आणि कुऱ्हाडीचे दांडे बसवायचे, आणि कांगारू आयलंडवर तर वॉर्निशसाठी ह्या डिंकाचा धंदाच चालायचा. फुलाचा दांडा मधाने भरलेला असतो, तो पाण्यात भिजवून गोड पेय करायचे. वणवा लागून गेल्यावर हे झाड मरत नाही, उलट जोरात फुलतं. धुरात एथिलीन वायू असतो त्याचा तो परिणाम. ह्या एथिलीनचं नाव लक्षात ठेवा, पुढे केळ्यांच्या वेळी परत येणार आहे.

नूंगार लोकांचे वर्षाचे सहा ऋतू आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरच्या ऋतूला जिल्बा म्हणतात, तेव्हा बलगाचे फुलदांडे वर यायला लागतात, आणि आपला गणपतीही बरोबर त्याच दिवसांत येतो. भारतात भाद्रपदात पाऊस असतो, इथे त्याच वेळी वसंत सुरू होत असतो, सगळीकडे रानफुलं. म्हणूनच मला वाटतं की इथल्या गणपतीला इथलंच पान-फूल शोभतं, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा मागवायची खरंच गरज नाही.

कुठून आणायची, कुठून नाही

बुशमधून, म्हणजे इथल्या रानातून, नाही. हे अगदी स्पष्ट सांगते कारण आपल्यातलेच काही जण पिकनिकला गेल्यावर "चार पाती घेतल्या तर काय होतंय" म्हणत कात्री काढताना मी पाहिलेत. इथे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात सरकारी जमिनीवरची कुठलीही स्थानिक वनस्पती परवान्याशिवाय तोडणं गुन्हा आहे, मग ते फूल असो की पान. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथलं प्रत्येक झाड आपल्या आजोबांच्याही आधीचं असू शकतं. शिवाय डायबॅक म्हणून एक रोग आहे, फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतो, तो बुटांना लागलेल्या ओल्या मातीतून पसरतो आणि बलगा त्याला फार लवकर बळी पडतो. जंगलाच्या वाटेवर बूट घासायचे ब्रश ठेवलेले असतात ते त्यासाठीच, जाताना आणि येताना दोन्ही वेळा वापरा.

दुकानातून घ्या. फ्लोरिस्टला किंवा फुलबाजारात "स्टील ग्रास" म्हणून सांगा, परवाना असलेल्या लोकांकडूनच ते माल घेतात ना हे विचारायला लाजू नका. गणपतीच्या आधी निदान आठवडाभर ऑर्डर द्या. दोन वेळा मला "बेअर ग्रास चालेल का" असं विचारलं गेलंय. नाही चालणार, ते अमेरिकेकडचं वेगळंच पान आहे, मऊ, चपटं, लोंबणारं. ओळखायची खूण अशी की एक पात बोटांच्या चिमटीत धरून फिरवायची, स्टील ग्रासला चौकोनी कडा लागतात, साधारण पतंगाच्या कामटीसारखी जाणवते, आणि आडवी धरली तर बरीचशी सरळ राहते. बेअर ग्रास लगेच मान टाकतं.

स्वतःच्या अंगणात झाड असेल तर फारच उत्तम, पण मग तुम्ही झाडाचे पालक आहात हे लक्षात ठेवा. मधला कोंब, जिथून नवीन उभी पाती येते, त्याला अजिबात हात लावायचा नाही. बाहेरची, आडवी झालेली पण अजून हिरवी असलेली पाती घ्यायची, ती पण एकाच बाजूची सगळी नाही. ओढून उपटायची नाही, कारण तो बुडखाच पुढे खोड होणार असतो. धारदार सेकेटरने, म्हणजे बागेच्या कात्रीने, बुडापासून चार बोटं वर कापायची. हातात मोजे आणि डोळ्यांना चष्मा घाला, पातीचं टोक सुईसारखं असतं आणि वाकून काम करताना ते नेमकं डोळ्याच्या उंचीला येतं. मी एका झाडाची वर्षाला ४० पाती घेते, त्याहून जास्त नाही. हा माझा स्वतःचा हिशोब आहे, पण त्याने झाडाच्या रूपात काही फरक पडलेला मला दिसला नाही.

नवीन झाड विकत घेणार असाल तर नर्सरीत ते कुठून आलंय ते आवर्जून विचारा. मोठी झाडं ही बहुतेक बांधकामाच्या जागेवरून उचललेली असतात, परवानगीने उचलली असतील तर विकणाऱ्याला ते दाखवता येतं. मोठं झाड हलवलं की ते वरून हिरवं दिसत राहतं आणि कधीकधी वर्ष-दोन वर्षांनी कळतं की आतून केव्हाच गेलंय. छोटं रोप लावा, पाती त्यालाही सुंदरच येते.

आणल्यावर पहिले दोन-तीन तास

जुडी सोडा, ओल्या फडक्याने प्रत्येक पात बुडाकडून टोकाकडे पुसून घ्या, उलटं पुसू नका, हाताला खरखरीत लागतं. बुडाचा पांढरट भाग दोन सेंटिमीटर कापून टाका आणि उंच बादलीत वीतभर पाण्यात उभी करून ठेवा. निदान दोन तास, रात्रभर ठेवली तर अजून बरं. कात्रीला डिंक लागला तर साबणाने नाही निघत, स्पिरिटच्या बोळ्याने निघतो.

मग लांबीप्रमाणे तीन ढीग करा. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका, पुढे अर्धा वेळ वाचतो. वाकडी, तपकिरी टोकांची पाती चौथ्या ढिगात ठेवा, फेकू नका, आतल्या बांधणीला लागते.

लगेच वापरायची नसेल तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजसारख्या थंड जागी ठेवा. नीट ठेवली तर दोन-तीन आठवडे हिरवी राहते, बाकीची फुलं दोनदा बदलून होतात तरी ही तशीच.

वाकवायची कशी

पात झटक्याने वाकवली तर कडकन तुटते. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरायची आणि बुडापासून टोकापर्यंत हळूहळू ओढत जायचं, चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी थोडा जास्त बाक द्यायचा. हाताच्या उबेने ती ऐकायला लागते. आपण फराळाच्या ताटासाठी केळीचं पान विस्तवावर धरून नरम करतो ना, तसला संयम इथे हाताने दाखवायचा. पण विस्तव मात्र नाही! ह्या पातीत राळेसारखा अंश असतो, ती भसकन पेटते.

आई इथे आली होती तेव्हा मी ही पाती घेऊन बसले होते, तिने एक उचलली, दोनदा बोटांतून ओढली आणि म्हणाली, "अगं हे तर हीर आहेत, फक्त हिरवे." बरोबर आहे तिचं. कोकणात नारळाच्या झावळीचे हीर काढून त्यांची केरसुणी, पानाचे टाचे, मुलांची खेळणी करतात, ज्यांनी ते केलंय त्यांच्या हातांना हे काम शिकवावंच लागत नाही. तिने त्या दुपारी माझ्याकडून एकही सूचना न घेता अख्खी कमान बांधून दिली. महाराष्ट्रात किंवा गोव्यात बसून हे वाचत असाल तर स्टील ग्रास शोधत बसू नका, ओले हीर किंवा शिंदीची पाती घ्या, खालच्या सगळ्या पद्धती त्यावर चालतात. फक्त गवती चहाच्या पातीच्या वाटेला जाऊ नका, बोटं कापतात.

प्रभावळ

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे म्हणून सविस्तर सांगते. दीड-दोन फुटांच्या आतल्या मूर्तीसाठी हे माप बरोबर बसतं.

७५ पाती लागतात. जाड जीआय तार, साधारण ३ मिलिमीटरची, आणि बांधायला बारीक बाइंडिंग वायर किंवा सुती दोरा. तारेच्या दोन अर्धगोल कमानी करा, बाहेरची ५० सेंटिमीटर रुंद आणि आतली ४०. दोन्हीची टोकं एका जाड फळीला भोकं पाडून त्यात घट्ट बसवा. दोन कमानी का, तर पहिल्या वर्षी मी एकच केली होती आणि प्रत्येक जुडी एकाच जागी बांधल्यामुळे घड्याळाच्या काट्यासारखी फिरायची, सकाळी उठून बघितलं तर निम्म्या जुड्या खाली लोंबत होत्या. दोन ठिकाणी बांधली की हलत नाही.

पाच-पाच पातींच्या १५ जुड्या करा. टोकं एकत्र जुळवू नका, एकमेकींपेक्षा बोटभर पुढे-मागे राहू द्या, म्हणजे वरून पिसासारखं दिसतं. लांबी बुडाकडून कापायची, टोकाकडून कधीच नाही, ह्या पातीचं सगळं सौंदर्य त्या निमुळत्या टोकात आहे आणि एकदा कात्री लागली की ती झाडूची काडी होऊन बसते. मधली जुडी ६० सेंटिमीटरची, आणि दोन्ही बाजूंना कमी कमी करत शेवटची ३५ ची.

पहिली जुडी बरोबर मध्यभागी, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कमानींना बांधा. मग एक डावीकडे, एक उजवीकडे, परत एक डावीकडे, एक उजवीकडे, असंच जायचं. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली की तोल जातो, मला अजून एकदाही ते जमलेलं नाही. दोन जुड्यांमध्ये तीन बोटांचं अंतर ठेवा. बुडं आतल्या कमानीच्या थोडी आत येतील, ती झाकायला आतल्या कमानीवर शेवंतीची माळ गुंडाळा.

फुलांमध्ये मी काय घेते, तर पिवळी-पांढरी शेवंती कुठेही मिळते, आणि लाल फूल म्हणून कांगारू पॉ. सप्टेंबरात इथे जास्वंद मिळेलच असं नाही, पण लाल-हिरवा कांगारू पॉ म्हणजे आमचं राज्यपुष्प, तो त्या दिवसांत बहरात असतो. तोही दुकानातूनच, रानातून नाही. दोन-चार जेराल्डटन वॅक्सच्या फांद्या, बारीक गुलाबी-पांढरी फुलं असतात, त्या मोकळ्या जागेत खोचायच्या. दूर्वांच्या जागी मात्र स्टील ग्रास वाहू नका, मला एकदोघींनी विचारलं होतं. दूर्वा दूर्वाच हवी, आणि ती इथे भरपूर आहे, लॉनमध्ये काउच नावाचं जे गवत लावतात ती आपली दूर्वाच आहे. फक्त फवारणी न केलेल्या लॉनमधली घ्या.

आता एथिलीन. पिकलेल्या केळ्यांतून, सफरचंदांतून हा वायू निघतो आणि जेराल्डटन वॅक्सला तो अजिबात सोसत नाही, फुलं गळून पडतात. एका वर्षी मी पाच फळांची परडी, त्यात केळ्यांचा घड, नेमकी कमानीच्या पायाशी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चौरंगभर गुलाबी फुलांचा सडा आणि वर नुसत्या काड्या. तेव्हापासून फळं समोरच्या बाजूला लांब ठेवते आणि रात्री उचलून स्वयंपाकघरात नेते. पातीला काही होत नाही, धुरातला तोच वायू बलगाला फुलवतो आणि केळ्यातला तोच वायू वॅक्सला झडवतो, हे कळल्यावर मी बराच वेळ त्या परडीकडे बघत उभी होते.

समई आणि निरांजन

हे वेगळं लिहितेय कारण हे चुकलं तर घर पेटेल. पाती तीन-चार दिवसांनी पाण्याबाहेर वाळायला लागते, दिसायला अजून हिरवी असते पण टोकं सुकलेली असतात. आमच्याकडे आरती चालू असताना निरांजन ओवाळताना हात थोडा वर गेला आणि कडेच्या एका टोकाला ज्योत लागली. चर्र आवाज आला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत वीतभर पात जळत खाली आली. नवऱ्याने शेजारचा ओला पंचा टाकून दाबली म्हणून निभावलं. पोरं बाजूलाच टाळ्या वाजवत उभी होती, माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

त्यानंतरचा आमचा नियम: समई प्रभावळीपासून दोन हात लांब आणि पातीच्या टोकांच्या खाली तर कधीच नाही, आरती मूर्तीसमोर चार पावलं मागे उभं राहून, कापूर ताटात न लावता वेगळ्या खोलगट भांड्यात, आणि पाण्याची बादली पडद्यामागे तयार. रोज सकाळी टोकांवर पाण्याचा हलका फवारा मारा. पाच दिवसांपेक्षा जास्त गणपती असेल तर पाचव्या दिवशी जुड्या बदला. हॉलमध्ये सार्वजनिक कार्यक्रम असेल तर मी खऱ्या ज्योतीच्या आसपास ही पाती वापरतच नाही, दारातल्या कमानीपुरतीच ठेवते.

फोमशिवाय फुलदाणी

तो हिरवा फोम, ज्यात फुलं खोचतात, तो प्लास्टिकच आहे. चुरा होऊन पाण्यात जातो आणि मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलंय की पाण्यातले छोटे जीव तो खातात आणि त्यांना त्रास होतो. विसर्जनाला आपण शाडूची मूर्ती आग्रहाने आणतो आणि आराशीत मात्र दोन किलो फोम, हे मला पटत नाही.

त्याऐवजी रुंद काचेचा वाडगा घ्या, आठ-दहा पाती एक-एक करून वर सांगितल्याप्रमाणे नरम करा आणि गोल गोल वेटोळं करून वाडग्यात सोडा. आत गेल्यावर ती स्वतःच उलगडायला बघते आणि काचेला घट्ट बसते. दुसरं वेटोळं पहिल्याला आडवं, तिसरं तिरकं. वर चौथ्या ढिगातली तुटकी पाती खुपसा. झाली जाळी तयार. त्यात देठ कुठल्याही कोनात उभं राहतं, पाणी रोज बदलता येतं, आणि काचेतून ती हिरवी वळणं दिसतात ती फुलांइतकीच छान दिसतात. पितळेच्या तांब्यात मात्र हे करू नका, तोंड अरुंद असतं, तिथे नुसती फुलं आणि पाच-सात पाती पुरते.

आणि पाच-सातच. इतकी लांब, स्वच्छ रेघ दुसऱ्या कुठल्या पानात नाही. मूठभर खोचली की ती रेघ दिसतच नाही, नुसतं रान माजल्यासारखं दिसतं. एक पात उंच, एक तिच्या निम्म्यावर बाक दिलेली, एक जवळजवळ आडवी, खाली दोन फुलं, आणि बाकी जागा रिकामी सोडा. रिकामी सोडायला धीर लागतो, आपल्याला भरगच्च हारांची सवय आहे, पण एकदा करून बघा.

पातीवर ओवलेला मोगरा

मोगरा इथे उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. डोहाळजेवणासाठी हे मी पहिल्यांदा केलं. पातीचं टोकच सुई आणि पातच दोरा. कळी देठाकडून धरायची, टोक नळीतून सरळ आत घालून तोंडातून बाहेर काढायचं आणि कळी अलगद खाली सरकवायची. वरची वीतभर पात बारीक असते तिथवर कळ्या सहज जातात, त्याच्या खाली पात जाड होत जाते आणि कळी फाटते, म्हणून तिथे थांबायचं. जाडीमुळेच सगळ्यात खालची कळी आपोआप अडते, गाठ लागत नाही. एका पातीवर दहा-बारा कळ्या बसतात. अशा नऊ-दहा पाती एकत्र बांधून उत्सवमूर्तीच्या खुर्चीच्या पाठीला लावल्या की त्या मानेशी हलत राहतात आणि वास दरवळतो. पाती खाली लोंबणार असेल तर टोकाला मात्र छोटी गाठ मारा, नाहीतर कळ्या एकेक करून घसरून जातात. केसांत माळायला ही पाती नको, कडक असते आणि टोचते.

तीन जुड्यांची वेणी घालूनही छान तोरण होतं, त्याला वेगळं काही सांगायला नको, वेणी सगळ्यांनाच येते. फक्त दर वीतभर अंतरावर दोऱ्याने बांधत जा, सुकताना ती सैल पडते.

फुलदांडा

झाडाच्या मधोमध जो भाल्यासारखा दांडा येतो, कधीकधी दोन मीटरच्या वर जातो, त्याचाही मोह होतो. ओला दांडा कापू नका. त्यावरची बारीक पांढरी फुलं म्हणजे मधमाश्या आणि पक्ष्यांचं कित्येक आठवड्यांचं जेवण असतं, आणि घरात आणलात तर मध ठिबकतो आणि मुंग्यांची रांग सरळ मोदकांपर्यंत येते. फुलं आणि बिया सगळं झडून गेल्यावर, दांडा तपकिरी होऊन वाळला की अंगणातल्या झाडाचा खुशाल कापा. मोजे घालूनच, बोंडांची टोकं टोचतात. सावलीत आडवा ठेवून महिनाभर वाळवा, झाडून घ्या. मग जमिनीवरच्या उंच मातीच्या भांड्यात एकटाच उभा करा, वर्षानुवर्षं टिकतो.

झाडावर फुलत असताना मात्र एकदा जवळ जाऊन बघा. उत्तरेकडची फुलं आधी उमलतात, कारण इथे ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे काही दिवस दांडा एका बाजूने पांढरा आणि दुसऱ्या बाजूने हिरवट-तपकिरी दिसतो. वाटेत दिशा कळायला लोक ही खूण वापरायचे.

विसर्जनानंतर

मूर्तीबरोबर पाती पाण्यात सोडू नका. तार, वायर, रबरबँड काढून पाती हिरव्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाका. चांगली वाळलेली वीस-पंचवीस पाती निवडून ठेवा, रंग गवतासारखा पिवळट होतो पण आकार तसाच राहतो, कोजागरीच्या दुधाच्या पेल्यांखाली ठेवायला छोट्या चकत्या विणता येतात, विणण्याआधी तासभर कोमट पाण्यात भिजवायची. तारेच्या कमानी गॅरेजमध्ये टांगून ठेवा, पुढच्या वर्षी उपयोगी येतात.

अंगणातल्या झाडाची पाती घेतली असेल तर कुठल्या बाजूची घेतली त्याचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूची घ्या. आमच्याकडे गेल्या वर्षी कुंपणाकडची झाली, यंदा खिडकीकडची.